ठाण्यात राहतो. यूपीएससी पूर्वपरीक्षेला ठाणेच केंद्र मिळेल का? दिवसाचं वेळापत्रक कसं असतं?

ठाणे आणि नवी मुंबई ही स्वतंत्र केंद्रं आहेत, पण वाटप ‘आधी अर्ज, आधी केंद्र’ असं. कोटा भरला की दुसरं निवडावं लागतं, म्हणून शेवटच्या तारखेची वाट पाहू नका.

पहिला पेपर ९.३० ते ११.३०, दुसरा, म्हणजे सीसॅट (कल चाचणी), २.३० ते ४.३०. परीक्षा केंद्राचं फाटक अर्धा तास आधी बंद होतं, दोन्ही वेळा. परीक्षा रविवारी असते आणि रविवारी अनेकदा लोकलचा मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी गाड्या बंद) असतो. मधल्या वेळेत घरी जाऊन येण्याचा विचार सोडा, डबा न्या.

काळं बॉलपेन लागतं. ओएमआरवर (गोळे रंगवायच्या उत्तरपत्रिकेवर) प्रश्नपुस्तिकेची मालिका किंवा रोल नंबर चुकीचा रंगवला तर उत्तरपत्रिकाच बाद होऊ शकते. सीसॅटला फक्त ३३ टक्के पुरतात. तेवढे नसतील तर पहिल्या पेपरातल्या गुणांचा उपयोग होत नाही.