पानासारखे कीटक बघायचेत? इथून सुरुवात करा

स्वागत! पेंचच्या जंगलाची घाई करू नका. नागपुरातल्या सेमिनरी हिल्स किंवा अंबाझरीची झाडी पुरेशी आहे. सुरुवातीला एकच फुलपाखरू शोधा, कॉमन इव्हनिंग ब्राऊन. पावसाळ्यात त्याच्या पंखांच्या खालच्या बाजूला डोळ्यांसारखे ठळक ठिपके दिसतात. कोरड्या दिवसांतल्या पिढीत ते जवळपास पुसले जातात आणि मिटलेले पंख हुबेहूब वाळकं पान होतात. मधोमध शिरेसारखी रेघ, कडेला टोक, बुरशी चढल्यासारखे डाग. रंगही प्रत्येकाचा थोडा वेगळा, त्यामुळे पक्ष्यांना एकच नमुना ओळखून भागत नाही. दिवसा ते सावलीत पाचोळ्यावर बसून असतं, अंधारताना उडतं. अळ्या गवतावर आणि धानावर वाढतात, म्हणून गवताळ कडा सोडू नका.

नवीन माणसं हमखास इथे चुकतात:

- भरभर चालणं. पायाजवळून उठलेलं फुलपाखरू थोड्याच अंतरावर पुन्हा बसतं. नजर त्या जागेवरून हलवू नका, मगच हळूच पुढे व्हा.
- पाचोळ्यात हात घालणं. खाली विंचू, साप असू शकतो.
- फोटोसाठी कीटक उचलून दुसरीकडे ठेवणं. हे मात्र अजिबात नको! तो कुठल्या पानावर, कसा बसला होता, हीच तर खरी माहिती.

हिरवे, पानासारख्या पंखांचे नाकतोडे पावसाळ्यात रात्री आवाजावरून शोधता येतात. त्यांचे कान पुढच्या पायांवर असतात, जवळून नक्की बघा. मॅक्रो लेन्स आणि शास्त्रीय नावं सध्या राहू द्या.