ज्येष्ठांच्या वसाहतीत घर घेण्यापूर्वी : तिथली बातमी कशी फिरते ते पाहा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : आई ७४ वर्षांच्या आणि वडील ७९ वर्षांचे आहेत, दोघे डोंबिवलीत लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतात, आपण बंगळूरला आणि भाऊ कॅनडात आहात, पुण्याजवळच्या ज्येष्ठ नागरिकांच्या वसाहतीत त्यांच्यासाठी घर घेण्याचा विचार चालू आहे, आणि माहितीपत्रकातील सोयी बाजूला ठेवून तिथला रोजचा दिवस प्रत्यक्षात कसा जातो हे आपल्याला समजून घ्यायचे आहे. मी पत्नीसह पुण्याच्या पश्चिमेकडील अशाच एका वसाहतीत बरीच वर्षे राहतो आणि रहिवासी समितीत सूचना फलक व मासिक वार्तापत्र यांचे काम पाहतो, म्हणून त्या अंगाने सविस्तर लिहितो.

पुण्यात ही कल्पना आता नवी राहिलेली नाही. परांजपे यांच्या ‘अथश्री’ने पाषाण, बावधन, बाणेर या भागांत ती मध्यमवर्गीय मराठी घरांत रुजवली, पुढे इतर अनेक विकासक या क्षेत्रात उतरले, आणि आज माहितीपत्रके एकासारखी एक दिसतात : बाग, भोजनगृह, ग्रंथालय, योगवर्ग, मंदिर, दवाखाना. या यादीवरून निवड करता येत नाही, कारण ती सगळीकडे सारखीच असते. माझ्या मते वसाहतीची खरी परीक्षा वेगळी आहे. एका रहिवाशाच्या बाबतीत काही घडले, तर ते दुसऱ्याला किती लवकर कळते, किती खरे कळते आणि किती सभ्यपणे कळते, यावर तिथले राहणे सुखाचे की धास्तीचे हे ठरते. डोंबिवलीच्या चाळवजा इमारतीत हे काम शेजार आपोआप करतो. नव्या वसाहतीत सगळेच वयस्कर, सगळेच नवे आणि दारे बंद, त्यामुळे तो शेजार जाणीवपूर्वक घडवावा लागतो.

सकाळपासून सांगतो. सहाच्या सुमारास फिरायला निघणारी मंडळी खाली उतरतात, त्याच वेळी दूध आणि वर्तमानपत्रे येतात. आमच्याकडे वर्तमानपत्र दाराच्या कडीला अडकवलेले असते, आणि साडेआठ वाजता मजला झाडायला येणाऱ्या मावशींना एक काम नेमून दिलेले आहे : ज्या दाराला अंक तसाच लटकलेला दिसेल तिथे बेल वाजवायची, उत्तर आले नाही तर कार्यालयाला कळवायचे, आणि कार्यालयाने आधी फोन करून, मग दुसऱ्या माणसाला साक्षीला घेऊन राखीव किल्लीने दार उघडायचे. बाहेरगावी जाणाऱ्याने आदल्या दिवशी कार्यालयातील वहीत नोंद करायची, म्हणजे विनाकारण धावपळ होत नाही. या साध्या व्यवस्थेला एक पैसा खर्च आलेला नाही.

तिचा उपयोग काय, ते एका प्रसंगातून सांगतो. आमच्या इमारतीत एकट्या राहणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका पहाटे न्हाणीघरात घसरून पडल्या. आपत्कालीन घंटेची दोरी तिथे होती, पण फरशी पुसताना ती ओली होते म्हणून त्यांनी ती गुंडाळून नळाला वर बांधून ठेवली होती. जमिनीवरून हात तिथपर्यंत पोहोचला नाही. मावशींनी न उचललेला अंक पाहिला म्हणून नऊच्या आत दार उघडले गेले. खुब्याचे हाड मोडले होते, शस्त्रक्रिया झाली, आणि आज त्या वॉकर घेऊन भोजनगृहात येतात. त्यानंतर समितीने घरोघरी जाऊन दोऱ्या पाहिल्या, तेव्हा कित्येक घरांत त्या अशाच वर बांधलेल्या आढळल्या. म्हणून घर पाहायला जाल तेव्हा घंटा आहे का, एवढेच विचारू नका. दोरी फरशीपासून वीतभर उंचीपर्यंत लोंबते का, ती ओढल्यावर रात्री दोन वाजता कोण येतो, आणि न्हाणीघराची कडी बाहेरून उघडता येते का, हे ओढून आणि उघडून पाहा. दार आत उघडणारे असेल तर पडलेल्या माणसाच्या अंगानेच ते अडते; सरकते किंवा बाहेर उघडणारे दार हवे.

या बाबतीत आता नियमांचाही आधार आहे. महारेराने, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाने, २०२४ मध्ये ज्येष्ठ नागरिकांच्या गृहप्रकल्पांसाठी किमान निकष ठरवून दिले. त्यांत एकाहून अधिक मजले असल्यास लिफ्ट, चाकाची खुर्ची जाईल असे उतार, किमान ९० सेंटीमीटर रुंदीची दारे, जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडे, न घसरणारी फरशी आणि न्हाणीघरात धरायला दांड्या अशा गोष्टी आहेत, आणि विक्री करारात त्यांचा समावेश असावा अशी अपेक्षा आहे. जुन्या वसाहतींत यातील सर्व काही सापडेलच असे नाही. लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवे मावते का, हे मात्र आवर्जून पाहावे. या एका गोष्टीकडे खरेदीच्या वेळी कोणाचेच लक्ष जात नाही.

दुपारच्या जेवणाआधी सगळ्यांची पावले सूचना फलकाकडे वळतात. वसाहत पाहायला गेलात की नमुन्याचे घर दाखवण्याआधी तो फलक वाचा. आमच्या फलकावर एका साध्या आठवड्यात काय असते ते सांगतो : मंगळवारी मंडईसाठी गाडी साडेनऊला सुटेल, बँकेचे प्रतिनिधी गुरुवारी पासबुके भरून देतील, हरिपाठ पाचऐवजी साडेपाचला, कॅरमच्या स्पर्धेची नावे शनिवारपर्यंत द्यावीत, एका दांपत्याच्या सहस्रचंद्रदर्शनानिमित्त रविवारी सर्वांना अगत्याचे निमंत्रण, दिवाळी अंकांच्या फिरत्या पेटीतील अंक परत करावेत. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याची सूचना सर्वांत ठळक अक्षरांत असते. बोटांचे ठसे पुसट झालेल्यांची पूर्वी यात फार अडचण होई. आता जीवनप्रमाण, म्हणजे हाच दाखला डिजिटल स्वरूपात, चेहरा ओळखूनही देता येते, आणि वय ८० पूर्ण केलेल्या केंद्रीय निवृत्तिवेतनधारकांसाठी ही मुदत ऑक्टोबरपासूनच सुरू होते. त्या दिवशी ग्रंथालयात दोन तरुण स्वयंसेवक मोबाइल घेऊन बसतात आणि दुपारपर्यंत काम आटोपते. एखाद्या वसाहतीच्या फलकावर तीन महिन्यांपूर्वीचा पाणीकपातीचा कागद आणि देखभाल शुल्काचे स्मरणपत्र एवढेच दिसले, तर तिथे माणसे राहतात पण एकत्र जगत नाहीत, असे समजायला हरकत नाही.

फलकावर आजारपण आणि मृत्यू यांची बातमी असावी का, यावर आमच्याकडे बराच काळ वाद चालला. सत्तरी-ऐंशीतील माणसांना रोज जेवायला जाताना असे वाचावे लागू नये, असे काहींचे प्रामाणिक मत होते, आणि ते मी हलके मानत नाही. परंतु फलकावर न लिहिल्यामुळे बातमी थांबत नसे. ती कुजबुजीने फिरे, तिच्यात भर पडे, आणि ज्यांना शेवटचे दर्शन घ्यायचे होते त्यांना ती दुसऱ्या दिवशी कळे. शेवटी ठरले ते असे : आजाराचे नाव किंवा तपासण्यांचे निष्कर्ष फलकावर कधीही यायचे नाहीत, कुटुंबाची परवानगी असेल तर ‘रुग्णालयात आहेत, भेटीपूर्वी कार्यालयात विचारावे’ एवढेच, आणि निधनाची बातमी मात्र तासाभरात, नाव, वेळ आणि अंत्यदर्शनाचे ठिकाण यांसह. ज्यांनी नेत्रदानाचा किंवा देहदानाचा अर्ज भरला आहे त्यांची नोंद कार्यालयात असते, कारण नेत्रदान साधारण सहा तासांच्या आत व्हावे लागते आणि तेवढ्या वेळात परदेशातील मुलगा फोनवर सापडेलच असे नाही. आपल्या वडिलांची अशी काही इच्छा असेल तर ती घरातील कपाटात ठेवू नका, कार्यालयाला द्या. वैद्यकीय इच्छापत्राचेही, म्हणजे बरे होण्याची आशा नसताना केवळ जीव लांबवणारे उपचार नकोत असे आधीच लिहून ठेवलेल्या कागदाचेही, तसेच : सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये प्रक्रिया सोपी केली, त्यामुळे आता ते नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर साक्षांकित करता येते. त्याची प्रत कोणाकडे आहे हे मध्यरात्री रुग्णवाहिकेत बसताना ठाऊक असले पाहिजे.

बातमी वेळेवर फिरण्याचा आणखी एक मोठा लाभ अलीकडे दिसला आहे. ‘डिजिटल अटक’ या नावाने चाललेली फसवणूक आपण ऐकली असेल : पोलिसाच्या वेशातील माणूस व्हिडिओ कॉलवर येतो, आपल्या नावाचे पार्सल पकडले आहे असे सांगतो, कोणाशीही बोलायचे नाही असे बजावतो आणि खात्यातील पैसे ‘तपासणीसाठी’ वळते करायला लावतो. कायद्यात अशी अटकच नाही. पण एकट्या खोलीत, दाराला कडी लावून बसलेल्या निवृत्त माणसाला त्या धाकात हे सुचत नाही. आमच्या एका गृहस्थांना असा फोन आला, ते घाबरून जेवायला आले नाहीत, आणि रोज त्यांच्या शेजारी बसणाऱ्या मित्राने न राहवून दार ठोठावले. फोन तिथेच बंद झाला. संध्याकाळपर्यंत सर्व इमारतींत सूचना गेली, १९३० हा सायबर तक्रारीचा क्रमांक प्रत्येकाच्या फोनजवळ चिकटवला गेला, आणि त्याच पंधरवड्यात आलेले तसेच आणखी फोन लोकांनी स्वतःच तोडले. जेवायला कोण आले नाही हे लक्षात येणे, हीच तिथली सर्वांत मोठी सुरक्षा ठरली. पहारेकरी आणि कॅमेरे त्यात कुठेच नव्हते. म्हणून आई घरी स्वयंपाक करणार असल्या तरी आठवड्यातून काही वेळा दोघांनी भोजनगृहात जेवावे, असे मी आग्रहाने सुचवेन. जेवणाविषयी कुरकुर सर्वत्र असते, आमटी कोणाला तिखट तर कोणाला अळणी लागते, त्यावर फार वेळ घालवू नये.

पैशाच्या बाबी आपण विचारल्या नाहीत, तरी काही प्रश्न लेखी उत्तर घेऊनच सोडवावेत. घर मालकीचे आहे की ठेव भरून राहण्यापुरते, ठेव असेल तर ती कधी आणि किती कापून परत मिळते, आणि मालकीचे असेल तर पश्चात वारसाला तिथे राहता येते की वयाच्या अटीमुळे फक्त विकता किंवा भाड्याने देता येते, हे करारात स्पष्ट हवे. सोसायटीच्या मासिक देखभालीची रक्कम प्रतिसभासद ७,५०० रुपयांच्या पुढे गेली की वस्तू व सेवा कराचा प्रश्न येतो, तोही अंदाजपत्रकात धरा. आणि सर्वांत कठीण प्रश्न टाळू नका : दोघांपैकी एक जण अंथरुणाला खिळला, किंवा विस्मरणाचा आजार जडला, तर त्याच घरात राहता येईल का? स्वतःचे स्वतः करू शकणाऱ्यांसाठी असलेल्या बऱ्याच वसाहतींत पूर्णवेळ शुश्रूषेची सोय नसते. बाहेरून बाई किंवा मदतनीस ठेवावा लागतो, आणि रात्री राहणाऱ्या मदतनीसाला परवानगी आहे का, तिच्या जेवणाचे काय, हे आधीच विचारलेले बरे. डोंबिवलीचे घर विकण्याची किंवा कोणाच्या नावे करण्याची घाई मुळीच करू नये. बक्षीसपत्र करायचेच झाल्यास सांभाळाची अट त्यात शब्दशः लिहावी, कारण २००७ च्या पालक व ज्येष्ठ नागरिक कायद्यातील कलम २३ चे संरक्षण, म्हणजे सांभाळ न झाल्यास ते हस्तांतरण रद्द करून घेण्याची सोय, त्या अटीवर बरेच अवलंबून असते.

आता आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग, म्हणजे तिथली बातमी आपल्यापर्यंत कशी येणार. याबाबत आई-वडिलांवर विसंबू नका, हे मी वयाने त्यांच्या बाजूचा असूनही सांगतो. मुलांना काळजी नको म्हणून आम्ही पडलो तरी सांगत नाही, रक्तदाब वाढला तरी सांगत नाही, आणि शेजाऱ्यांनाही न सांगण्याची गळ घालतो. त्यात प्रेम असते, पण त्यामुळे मुलांना पहिली बातमी थेट अतिदक्षता विभागातून मिळते. घर घेतानाच चौघांनी बसून ठरवावे आणि कार्यालयात लिहून द्यावे : कोणत्या प्रसंगी कळवायचे, आधी आपल्याला की भावाला, कॅनडात रात्र असली तरी उठवायचे का, आणि आपण न सापडल्यास पुण्यातील कोणत्या नातेवाइकाने निर्णय घ्यायचा. त्याचबरोबर कोणत्या गोष्टी कळवायच्या नाहीत, हेही आई-वडिलांना ठरवू द्यावे. जेवण किती घेतले आणि कोणाकडे पत्ते खेळायला गेले याचा अहवाल मुलांना जाऊ लागला, तर ते घर त्यांचे राहत नाही.

खरेदीआधी दोघांना तिथे पाहुणे म्हणून राहता येते का ते विचारा. अनेक ठिकाणी अतिथिगृह असते. शक्यतो पावसाळ्यात राहावे, कारण फरशा, उतार, वीज आणि गाडीची सोय यांची खरी स्थिती तेव्हाच कळते. आपण सोबत गेलात तरी दुपारी त्यांना एकटे सोडून निघा, आणि रात्री फोनवर त्यांना खोलीविषयी विचारण्याआधी एवढेच विचारा की आज कोणाशी ओळख झाली आणि त्यांनी काय सांगितले.