जर्मल म्हणजे जर्मन सिल्व्हर नव्हे

प्रश्न असा आला आहे : जुन्या पाककृतीच्या वहीत ‘जर्मलच्या पातेल्यात दूध आटवावे’ असं लिहिलंय. हे जर्मल म्हणजे जर्मन सिल्व्हर का? आणि ‘जर्मल’ हे ‘जर्मन’चं अशुद्ध रूप का?

दोन्हींचं उत्तर ‘नाही’. जर्मल म्हणजे अ‍ॅल्युमिनियम. त्यालाच बोलण्यात ‘जर्मन’ही म्हणतात, आणि ‘जर्मल’ त्याच शब्दातून आलं असलं तरी अशुद्ध नाही. ही गल्लत इतकी बोकाळली आहे की भांड्यांच्या दुकानातसुद्धा दोन्ही नावं एकमेकांच्या जागी बिनदिक्कत वापरतात. जर्मन सिल्व्हर हा तांबं, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू. तांबं साठ टक्क्यांच्या आसपास, उरलेल्यात बाकीचे दोघे. त्यात चांदी नाही आणि अ‍ॅल्युमिनियमही नाही. चीनहून ‘पाकतोंग’ नावाचा पांढरा धातू युरोपात यायचा. १८२३च्या सुमारास जर्मनीत त्याची नक्कल जमली, तेव्हापासून हे नाव. ओळखायचं तर भांडं हातात घ्या. जर्मन सिल्व्हर घनसेंटिमीटरला सुमारे ८.७ ग्रॅम भरतं, अ‍ॅल्युमिनियम २.७. तेवढ्याच आकाराचं, तेवढ्याच जाडीचं ताम्हन तिपटीहून जड लागलं पाहिजे. हलकं लागलं तर ते जर्मन सिल्व्हर नाही, दुकानदार काहीही म्हणो.

मग अ‍ॅल्युमिनियमला ‘जर्मन’ हे नाव चिकटलं कसं? ‘जर्मनीहून पत्रे यायचे म्हणून’ हे ठरीव उत्तर मला मुळीच पटत नाही. आपल्याकडे अ‍ॅल्युमिनियमची भांडी घडवायला सुरुवात झाली ती मद्रासच्या कलाशाळेत, इंग्रज अभियंते आल्फ्रेड चॅटर्टन यांच्या खटपटीने, १८९८च्या सुमारास. त्याआधी कित्येक दशकं जर्मन सिल्व्हर हे नाव लोकांच्या कानावर होतं : चांदीसारखं दिसणारं, पण चांदी नसलेलं ते. नवा पांढरा, स्वस्त धातू आला आणि तयार नाव त्याला लागलं. याला पुरावा शेजारच्या भाषांत आहे. तेलुगू घरांत अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्याला सर्रास ‘सिल्व्हर’ म्हणतात, पंजाबकडेही ‘सिल्वर के बर्तन’ म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचीच. एकाच जोडनावाचा पहिला तुकडा मराठीने ठेवला, दुसरा त्यांनी. पत्रे जर्मनीहून आल्यामुळे नाव पडलं असतं, तर तिकडे हे ‘सिल्व्हर’ कुठून उपटलं? जर्मेनियम या मूलद्रव्याशी नातं जोडणाऱ्यांबद्दल तर काय बोलावं! तो १८८६ साली सापडलेला दुर्मीळ, ठिसूळ पदार्थ, त्याची पातेली कोणी ठोकली नाहीत.

आता ‘जर्मल’. नाकातले दोन उच्चार एका शब्दात आले की त्यांतल्या ‘न’चा ‘ल’ करून टाकण्याची मराठी जिभेची जुनी खोड आहे. निंब होता, त्याचा लिंब झाला. नवनीताचं लोणी झालं. गावाकडे नंबरचा लंबर होतो. ‘जर्मन’मध्ये म आणि न लागोपाठ येतात, मग न बिचारा किती टिकणार? ज्यांना ‘जर्मल’ अशुद्ध वाटतं त्यांनी आधी लोणी म्हणायचं सोडावं. विदर्भात ‘जर्मनचा गंज’ ऐकलात तर दचकू नका, तिथे गंज म्हणजे पातेलं. लोखंडाला चढतो तसा तांबडा गंज अ‍ॅल्युमिनियमला चढतच नाही. हवा लागताच त्याच्यावर ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर बसतो आणि आतला धातू झाकून टाकतो.

हाच थर आंबटात विरघळतो आणि सोड्यातही. म्हणून ताक, चिंच, आमसूल जर्मलच्या भांड्यात ठेवायचं नाही. कढी करपट रंगाची होते आणि जिभेला धातू लागतो. पापडखाराचं पाणीही त्यात उकळू नये. दुधाचा आंबटपणा नाममात्र असतो, त्यामुळे वहीतली सूचना बरोबर आहे; फक्त आटवलेलं दूध त्यातच विरजायचं नाही. अ‍ॅल्युमिनियम उष्णता स्टेनलेस स्टीलच्या पंधरापट वेगाने पसरवतं, म्हणून दूध एकाच जागी धरत नाही. अर्थात पत्रा जाड हवा आणि ढवळणं चुकत नाही. नळाच्या क्षारयुक्त पाण्याने कुकर आतून काळा पडतो तो या थरामुळेच. तळाच्या पाण्यात लिंबाची पिळलेली फोड टाकली की पडत नाही. आधीच पडला असेल तर फोडी घालून दहा-पंधरा मिनिटं पाणी उकळा. तारेच्या घासणीने खरवडू नका, चरे पडतात आणि पुढच्या वेळी काळेपणा त्यांतच बसतो. कल्हई लावायला मात्र जाऊ नका. नवसागराने तांब्या-पितळेचा पृष्ठभाग साफ होतो, अ‍ॅल्युमिनियमचा हा थर त्याला दाद देत नाही, आणि कथील धरतच नाही.

जाता जाता ‘इंडोलियम’. मूळ शब्द हिंडालियम. हिंदुस्थान अ‍ॅल्युमिनियम कॉर्पोरेशन, म्हणजे आजची हिंडाल्को, या कंपनीने दिलेलं हे व्यापारी नाव. धातू अ‍ॅल्युमिनियमच, त्यात थोडं मॅग्नेशियम, मँगनीज, सिलिकॉन वगैरे. शुद्ध अ‍ॅल्युमिनियम मऊ असतं, आपटलं की पोचे येतात. मिश्रणाने कढई घट्ट होते. ‘ही जर्मलची नाही, इंडोलियमची आहे’ म्हणून जास्त भाव सांगितला, तर पत्र्याची जाडी विचारा आणि ताक त्यातही ठेवू नका.