रिक्रिएशनल थेरपिस्टचा पगार राज्यागणिक का बदलतो?

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत रिक्रिएशनल थेरपीची (खेळ, कला, संगीत अशा उपक्रमांतून रुग्णांवर उपचार करण्याची) पदवी पूर्ण करीत असून कॅलिफोर्निया आणि नॉर्थ कॅरोलिना या दोन राज्यांत नोकरी शोधत आहे. एकाच कामाच्या पगारात प्रदेशानुसार एवढी तफावत का पडते? जास्त पगाराचे राज्य निवडणे शहाणपणाचे ठरेल का?

उत्तर : अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी विभागानुसार मे 2023 मध्ये या व्यवसायातील मध्यक वार्षिक वेतन 57,120 डॉलर होते, म्हणजे निम्म्या थेरपिस्टांना याहून अधिक आणि निम्म्यांना याहून कमी पगार मिळत होता. कॅलिफोर्नियातील पगार या आकड्याच्या बरेच वर असतात, यात शंका नाही. तरीही माझ्या मते मुलीने राज्याच्या आधी नोकरी देणारी संस्था कोणती आहे, हे पाहावे. कॅलिफोर्नियात मोठी सरकारी मनोरुग्णालये आहेत आणि तेथील थेरपिस्टांना राज्य सरकारची ठरलेली वेतनश्रेणी लागू असते. वृद्धांच्या खाजगी शुश्रूषागृहांत पगार सर्वसाधारणपणे सर्वांत कमी असतो, आणि तो त्या राज्यातही सरकारी रुग्णालयाची बरोबरी करीत नाही.

प्रदेशाचा परिणाम नेमका किती होतो, हे केंद्र सरकारच्या माजी सैनिकांसाठीच्या रुग्णालयांत स्वच्छ दिसते, कारण तेथे देशभर एकच मूळ वेतनश्रेणी असून तिच्यावर स्थानिक भत्ता चढवला जातो. 2024 मध्ये नवव्या श्रेणीच्या पहिल्या पायरीचे मूळ वेतन 51,332 डॉलर होते. स्वतंत्र भत्ता ठरवून न दिलेल्या भागांत त्यावर 16.82 टक्के मिळून ते सुमारे 60 हजार होई, तर सॅन फ्रान्सिस्को परिसरात 45.41 टक्के मिळून सुमारे 74,600 डॉलरपर्यंत जाई. आता एक गोष्ट आवर्जून लक्षात घ्यावी : हा भत्ता राहणीमानाच्या खर्चावर ठरत नाही, तर त्या भागात तशाच कामासाठी केंद्र सरकार सोडून इतर मालक किती पगार देतात, यावर ठरतो. त्यामुळे घरभाडे पगारापेक्षा वेगाने चढलेल्या शहरात वाढीव 14-15 हजार डॉलर भाड्यातच संपून जाऊ शकतात. मुलीने दोन्ही ठिकाणचे घरभाडे आणि कर वजा करून उरणारी रक्कम मांडावी व मगच तुलना करावी.

पगाराला मर्यादा पडण्याचे आणखी एक कारण आहे, आणि ते मला अन्यायाचे वाटते. या उपचाराचे वेगळे बिल सहसा होत नाही. त्याचा खर्च रुग्णालयाच्या एकूण दरातच धरलेला असतो. पुनर्वसन रुग्णालयात रुग्णाला साधारणपणे दिवसाला तीन तास उपचार मिळावेत, अशी मेडिकेअरची (मुख्यतः वृद्धांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याची) अपेक्षा असते; मात्र 2010 पासून या तासांत रिक्रिएशनल थेरपी मोजली जात नाही. साहजिकच व्यवस्थापनाला फिजिओथेरपिस्टच्या जागा आधी भराव्याशा वाटतात.

परवान्याची चौकशीही वेळेत करावी. नॉर्थ कॅरोलिनात या व्यवसायासाठी राज्याचा परवाना लागतो. कॅलिफोर्नियात तसा परवाना नाही, पण पदनाम कोणी वापरावे याविषयी कायदा आहे. दोन्हीकडे राष्ट्रीय प्रमाणपत्र उपयोगी पडते, म्हणून पदवीतील इंटर्नशिप त्या प्रमाणपत्राच्या अटींत बसते की नाही, हे तिने विद्यापीठाकडून लेखी विचारून घ्यावे.