आमटीतली मोहरी

"मॅडम, मी वाईट मुलगी आहे का?"

समुपदेशक म्हणून हा प्रश्न या वर्षात इतक्यांदा ऐकलाय की आता मोजत नाही. विचारणारी कधी मुलगी असते, कधी सून, कधी बायको. एकदा एक निवृत्त मुख्याध्यापक होते. घरात दीर्घ आजाराचं एक माणूस, ते सांभाळणारं एकच माणूस, आणि बाकीचे "काही लागलं तर सांग हं" म्हणणारे.

एका ताईंची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. वय बावन्न, आईसाठी बँकेतून व्हीआरएस घेतलेली. आईला अल्झायमर, चौथं वर्ष. भाऊ नाशिकला, पैसे नेमाने पाठवणारा.

"काल आईवर हात उगारला मी. मारलं नाही. पण उगारला."

"किती वाजता?"

त्या चमकल्या. त्यांना रागावरचं प्रवचन अपेक्षित असावं. "सहा-साडेसहा. 'मला घरी जायचंय' म्हणत दार बडवत होती. हेच तुझं घर, हे किती वेळा सांगायचं?"

"दुपारी कधी जेवलात?"

"जेवले ना." मग आठवत, "म्हणजे... आईच्या ताटात उरलं होतं ते. ओट्याशी उभ्यानेच."

या आजारात अनेकांची अस्वस्थता दिवेलागणीलाच वाढते. आणि पहाटेपासून राबणारं माणूसही नेमकं त्याच वेळी उपाशी, दमलेलं असतं. म्हणून पहिल्या दोन भेटींत आम्ही जेवणाबद्दलच बोललो. आधी आपण जेवायचं, मग आईला भरवायचं. अंधारायच्या आत घरातले दिवे लावायचे. 'घर'वरून वाद घालायचा नाही. "हो, चहा घेऊ आणि मग बघू" म्हणायचं. हात शिवशिवलाच तर आईला नीट बसवून पाच मिनिटं गॅलरीत जायचं.

एवढ्याने संध्याकाळ निवळली. ताई मात्र निवळल्या नाहीत.

"भावाला दोन दिवस बोलवा."

"त्याला जमणार नाही."

"यायला?"

"करायला. मलाच करावं लागतं सगळं."

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या वाटेने काम करणारी. १९५५च्या सुमारास त्यांनी मांडलं की माणसाला प्रसंगापेक्षा त्याच्या मनातले हट्ट जास्त छळतात. एलिसना मराठी येत असतं तर त्यांचं काम सोपं झालं असतं. आपल्याकडे त्या हट्टाला अक्षरच आहे: 'च'. मलाच करायला हवं. मी चिडताच कामा नये. तक्रार ऐकताना मी हा 'च' कुठे पडतो तेवढं ऐकते, आणि वीस वर्षांत त्याने मला क्वचितच चकवलंय.

पण हे ताईंना सांगितलं नाही. म्हटलं, "नवीन बाईला समजवायचं असल्यासारखं आईचं सगळं लिहून आणा."

त्या अकरा पानं घेऊन आल्या. सुवाच्य, समास सोडून, बँकेतल्या अक्षरात. मी मोठ्याने वाचत गेले. सातव्या पानावर होतं: 'आमटीतली मोहरी वेचून काढणे.'

"सगळी?"

"हो. दाताखाली आली तर थुंकते ती."

"मग?"

"मग अंगावर सांडतं."

"मग?"

"मग... पुसायचं." त्या थांबल्या. पुन्हा म्हणाल्या, "पुसायचं, एवढंच." आणि एकदम हसू फुटलं. हसता हसता रडू आलं, ते बराच वेळ. मी फक्त पाण्याचा पेला पुढे सरकवला.

त्या क्षणी मलाही काहीतरी उमगलं. अकरा पानांतलं बरंचसं आईच्या गरजेचं नव्हतं. आई आता "माझी गुणाची गं" म्हणत नव्हती, नावही विसरली होती. त्या शाबासकीच्या जागी ताई रोज मोहऱ्या वेचत होत्या.

मग आम्ही मिळून एकच पान केलं. औषधांच्या वेळा. भरवताना ताठ बसवणं, घास गिळल्याशिवाय पुढचा नाही. बाथरूमला आतून कडी नको. गॅस सिलिंडरपाशीच बंद. बाकीची दहा पानं जसं जमेल तसं.

मदत मागतानाही मी हेच सांगते. "जरा लक्ष देत जा" यावर कुणी हलत नाही. "दुसरा शनिवार-रविवार तुझा" याला उत्तर द्यावंच लागतं. जिथे भाऊबहीण नाहीत, तिथे ब्युरोची बाई, शेजारीण, आठवड्यातून तीन तास, काहीही. आणि हात उगारणं वारंवार होऊ लागलं किंवा स्वतःला संपवावंसं वाटलं, तर पुढच्या भेटीची वाट पाहू नका. टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, रात्रीही चालतो, मराठीत बोलता येतं.

भाऊ आला. ताई बदलापूरला मैत्रिणीकडे गेल्या. पहिल्या दिवशी नऊ फोन केले, दुसऱ्या दिवशी दोन. दुपारी चार तास झोपल्या आणि त्याची कबुली माझ्याकडे चोरी केल्यासारखी दिली.

पुढच्या भेटीत त्यांनी ते पान माझ्यापुढे ठेवलं. त्यावर हळदीचा डाग पडला होता. खाली भावाच्या वाकड्यातिकड्या अक्षरात एक ओळ वाढली होती: 'मोहरी काढली नाही. खाल्ली.'