'नूब', 'जीजी', 'एएफके' हे गेममधले शब्द आले कुठून? आणि खेड्यातली मुलं अर्थ न समजता ते का बोलतात?

प्रश्नाच्या पहिल्या भागावर लिहिणारे पुष्कळ भेटतील. मी लिहितोय तो दुसऱ्या भागासाठी, कारण 'अर्थ न समजता' हे वाक्य मी आधीही ऐकलंय. रात्री दोन वाजता, चिखलात उभा असताना.

मी वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीकडचा. घरी कापूस, तूर आणि विहिरीवर हरभरा. २०२० च्या जानेवारीत आमच्या फीडरला रात्रीची लाईन होती, म्हणजे ओलित रात्रीच. शिवाय रानडुकरं, त्यामुळे जागली तशीही चुकत नव्हती. स्प्रिंकलर एका जागी दोन-तीन तास चालला की मोटर बंद करायची, पाइप सोडवायचे, पुढच्या पट्ट्यात नेऊन जोडायचे आणि पुन्हा मोटर सुरू. काळी माती ओली झाली की चपलेला अशी धरते की पाय उचलत नाही, शेवटी चप्पल हातात घ्यावी लागते. मधले दोन तास करायचं काय? आम्ही मोबाइलवर पबजी खेळायचो, चौघांनी मिळून खेळायचा बंदुकांचा गेम. तिघं तीन शेतांत, ज्याच्या त्याच्या धुऱ्यावर, कारण रेंज तेवढीच. माइक सुरू असला की गेममधल्या गोळ्यांच्या मागे एकमेकांच्या मोटरीचा आवाज ऐकू यायचा. चौथा भिडू पुण्याचा, माझा आतेभाऊ.

त्या रात्री ऐन मोक्याला आमच्यातला एक गप्प झाला. त्याचा गेममधला गडी गवतात नुसता उभा. आतेभावानं विचारलं, "हा एएफके झाला का?" मी म्हटलं, "नाही बे, पाइपावर गेला." तो हसत सुटला. "पाइपावर काय? एएफके म्हणतात त्याला. तुम्ही लोक नुसतं ऐकलेलं बोलता, अर्थ तर माहीतच नसतो." मी विचारलं, मग तू सांग. एएफकेतला 'के' कशाचा? तो म्हणाला, "किलचा असेल."

मलाही तेव्हा माहीत नव्हतं. पण डाव संपल्यावर खाटेवर पडून मी ते शोधलं, आणि मग नादच लागला. एएफके म्हणजे 'अवे फ्रॉम कीबोर्ड', कीबोर्डपासून दूर. पाइपावर गेलेल्याकडे तर मोबाइल होता. कीबोर्डच नव्हता, दूर कशापासून जाणार?

तुमच्या पहिल्या भागाचं उत्तर याच शब्दात आहे. हे शब्द बोटांसाठी जन्मले. संगणकावर खेळताना दोन्ही हात गुंतलेले असतात आणि लिहायला थांबला तो मेला. म्हणून सगळं तोकडं. 'न्यूबी' म्हणजे नवखा, तो झिजत झिजत 'नूब' झाला. 'जीजी' म्हणजे 'गुड गेम'. १९९८ साली आलेला स्टारक्राफ्ट हा संगणकावरचा लढाईचा गेम दक्षिण कोरियात पोरांनी अक्षरशः डोक्यावर घेतला. त्यात हरणारा आधी 'जीजी' लिहितो आणि बाहेर पडतो, म्हणजे ती शरणागतीच. जिंकणाऱ्यानं ते आधी म्हणणं उद्धटपणाचं. आमचा आतेभाऊ चार किल झाले की 'जीजी' ओरडायचा.

काही शब्दांचा जन्म तर अंगावर येतो. समोरच्याला मारलं की 'फ्रॅग' म्हणतात. व्हिएतनाम युद्धात अमेरिकी सैनिक आपल्याच नकोशा अधिकाऱ्यावर हातबॉम्ब टाकत, त्याला हा शब्द होता. १९९३ च्या डूम या गेमपासून तो खेळात रुळला. आणि ज्या 'पिंग'ला, म्हणजे आपला सिग्नल गेमच्या सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणाऱ्या वेळेला, आम्ही रोज शिव्या देतो, ते नाव माइक म्यूस या अमेरिकी माणसानं १९८३ मध्ये आपल्या छोट्या प्रोग्रॅमला दिलं. पाणबुडी शोधायला पाण्यात आवाज सोडतात आणि तो आदळून परत येतो, त्यावरून. ढग आले की धुऱ्यावर आमचं पिंग चारशे मिलिसेकंदांच्या वर जायचं.

मग हे खेड्यात कसं पोचलं? सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं, डेटा स्वस्त झाला. २०१८ ला पबजी मोबाइलवर आला, आणि त्यात माइक होता. बोटांसाठी बनलेले शब्द आमच्यापर्यंत कानानं आले. 'नूब'चं स्पेलिंग आमच्यात कुणीच पाहिलं नव्हतं. हिंदी बोलणाऱ्या पोरांकडून 'नूबडा' आला, आमच्याकडे त्याचा 'नुबाड्या' झाला. गोळी लागून आडवा होणं म्हणजे 'नॉक', त्याचं 'नाकला' झालं. कानानं आलेला शब्द तोंडात असाच वळतो. २ सप्टेंबर २०२० ला सरकारनं पबजी बंद केला तेव्हा गेम गेला, शब्द एकही गेला नाही.

अर्थ न समजता म्हणता, तर लहानपणचं आठवा. खेळता खेळता चपलेचा अंगठा तुटला की मूठ वर करून 'टँप्लीज' ओरडायचो. ते 'टाइम प्लीज' आहे हे सात वर्षांच्या कोणत्या पोराला माहीत होतं? पण त्याचा उपयोग नेमका माहीत होता. ज्याच्या बाद होण्याला मोल नाही तो लिंबूटिंबू, ही गोष्ट 'नूब' यायच्या कितीतरी आधीपासून आपल्याकडे होती. नूबमध्ये हिणवणं आहे, लिंबूटिंबूत सांभाळून घेणं आहे. मला आपला शब्द जास्त आवडतो. पण पोरांनी उचलला नूब, कारण गेममध्ये कुणी कुणाला सांभाळून घेत नाही. अर्थ कळतो म्हणूनच निवड झाली ना?

एक मात्र कबूल करतो. याच वाटेनं शिव्याही आल्या, आणि आठवीतली पोरं त्या घरात वापरतात. तिथं कान पिळायलाच हवा, मी माझ्या पुतण्याचा पिळतो. आणि जागलीला माइक लावून बसलं की डुकरं कधी शिरतात कळत नाही, हाही अनुभव आहे.

तुमच्या ओळखीतला पोरगा 'एएफके' म्हणाला तर त्याला टोकण्याआधी 'के' कशाचा ते स्वतः पाहून घ्या. आणि त्यांनी आपसात काय नवीन बनवलंय तेही विचारा. 'पाइपावर' हा शब्द कुठल्या कोशात नसेल, पण आमच्याकडे आता दोन-तीन गावांतली पोरं तो वापरतात, ज्यांच्याकडे स्प्रिंकलर नाही तीसुद्धा.

आमच्या तिघांतला एक २०२२ ला चाकणला कंपनीत लागला. शिफ्ट ड्युटी, खेळायला येतच नाही. गेममधल्या मित्रांच्या यादीत त्याचं नाव तसंच आहे, करडं, म्हणजे ऑफलाइन. कुणी नवीन पोट्टं विचारतं, हा कोण? आम्ही सांगतो, "आपलाच हाय. पाइपावर गेला."