दुर्बीण नंतर, आधी मोजणी

एका आईचं पत्र आलंय, सांखळीहून. थोडक्यात असं: "मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय भौतिकशास्त्र. रात्री उशिरापर्यंत लॅपटॉपवर ताऱ्यांचे, दीर्घिकांचे फोटो उघडून बसते. सॉफ्टवेअर सगळं फुकटात उतरवलेलं. आता दुर्बिणीसाठी 80 हजार मागते आहे. नातेवाईक म्हणतात, बी.एड.ला घाला आणि मोकळे व्हा. या फुकटच्या सॉफ्टवेअरवर तिचं पोट भरेल का?"

ताई, दुर्बिणीचे पैसे तूर्त राखून ठेवा, पण मुलीला लॅपटॉपवरून उठवू नका.

ही सॉफ्टवेअर्स मोफत असली तरी हलक्या दर्जाची नाहीत. प्रतिमा उघडून बघायचं डीएस9 अमेरिकेतल्या स्मिथसोनियन वेधशाळेत तयार झालं. 2011 साली सुरू झालेलं, पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेतलं अ‍ॅस्ट्रोपाय जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांनी मिळून लिहिलं, आणि जेम्स वेब या अंतराळ दुर्बिणीच्या प्रतिमांवर प्रक्रिया करणारी प्रणालीही त्याचा आधार घेते. शास्त्रज्ञ ज्यावर काम करतात तेच तुमच्या मुलीच्या लॅपटॉपवर आहे. त्यातला कोड सगळ्यांसाठी खुला असतो, त्यामुळे उत्तर कसं निघालं हे तिला ओळ न् ओळ वाचून तपासता येतं. महागडं बंद सॉफ्टवेअर ही सोय देत नाही.

मात्र ती नेमकं काय करते, हे एकदा शेजारी बसून बघा. खगोलशास्त्रातल्या प्रतिमा फिट्स नावाच्या फाइलमध्ये साठवतात. ती डीएस9मध्ये उघडली की बहुतेक वेळा काळा पडदा आणि चार-दोन पांढरे ठिपके दिसतात. स्केल बदलून 'लॉग' केलं, म्हणजे अंधूक उजेडही ठळक दिसेल असं केलं, की त्याच काळोखातून दीर्घिकेचे सर्पिल बाहू वर येतात. मजा येते, आणि बरीच मुलं तिथेच रमतात. रंग भरायचे, चित्र देखणं करायचं, मित्रांना पाठवायचं. छंद म्हणून उत्तम आहे, पण त्यावर करिअर उभं राहत नाही.

करिअर मोजण्यातून घडतं. फिट्स फाइलमधला प्रत्येक पिक्सेल म्हणजे एक आकडा. ताऱ्याभोवती वर्तुळ काढायचं, आतल्या आकड्यांची बेरीज करायची, बाहेरच्या कड्यावरून आकाशाचा स्वतःचा उजेड किती ते काढायचं आणि वजा करायचं. त्याआधी कॅमेऱ्याचे दोष डार्क (झाकण लावून घेतलेल्या) आणि फ्लॅट (एकसारख्या उजेडाच्या) प्रतिमा वापरून काढून टाकायचे. रात्रभरातल्या शेकडो प्रतिमांवर हेच केलं की ताऱ्याच्या तेजाचा आलेख मिळतो. एखादा मोठा ग्रह ताऱ्यासमोरून गेला, तर त्या आलेखात एक-दोन टक्क्यांचा खड्डा पडतो. तो खड्डा खरा की ढगामुळे आलेला, हे शेजारच्या ताऱ्यांशी ताडून ठरवता आलं पाहिजे. तुमच्या मुलीला हे जमतं का? जमत नसेल तर पुढचे सहा महिने याच कामाला द्यावेत.

त्यासाठी दुर्बीण लागत नाही. आपल्याकडे गोव्यात जूनपासून चवथ (गणेशचतुर्थी) सरेपर्यंत आकाश धड दिसतही नाही. नासाच्या 'एक्झोप्लॅनेट वॉच' उपक्रमात दुसऱ्या दुर्बिणींनी घेतलेल्या प्रतिमा मिळतात आणि 'एक्झोटिक' हे त्यांचं खुलं सॉफ्टवेअर ब्राउझरमध्येही चालतं. आपल्या अ‍ॅस्ट्रोसॅट या अवकाश-वेधशाळेचा डेटाही इस्रोने खुला केला आहे. डोळ्याने आकाश बघायची ओढ असेल, तर गोव्यात 'फ्रेंड्स ऑफ अ‍ॅस्ट्रॉनॉमी' ही हौशी मंडळींची जुनी संस्था आहे, तिथे जाऊ द्या.

आता पोटाचं. खगोलशास्त्रज्ञाच्या कायम जागा देशात थोड्या आहेत आणि वाट लांब आहे: एम.एस्सी., मग पीएच.डी. एम.एस्सी.साठी आयआयटींची जॅम परीक्षा तिला शेवटच्या वर्षात देता येईल, म्हणजे तयारी आत्ताच हवी. रात्रीच्या फोटोंपायी गणित मागे पडत असेल, तर तिथे मात्र कान धरा. पुढे पुण्याची आयुका, एनसीआरए अशा खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थांमध्ये पीएच.डी.ची दारं आहेत.

ती वाट मध्येच सुटली तरी शिकलेलं वाया जात नाही. ग्रहांमुळे आलेखात पडणारे खड्डे मोजायला वापरतात ते अ‍ॅस्ट्रोइमेजजे ज्या इमेजजेवर उभं आहे, ते मुळात अमेरिकेच्या आरोग्य संस्थेत, जीवशास्त्र आणि वैद्यकातल्या प्रतिमांसाठी बनलं. गोंगाटातून खरा संकेत वेगळा काढणं हे काम सगळीकडे एकच आहे. दोनापावलच्या समुद्रविज्ञान संस्थेत उपग्रहाच्या प्रतिमांवरून समुद्राचा अभ्यास होतो, तिथेही पायथन आणि सांख्यिकी लागतेच.

शिवाय अशा खुल्या सॉफ्टवेअरच्या प्रकल्पांत तिला स्वतः हातभार लावता येतो. सुरुवात सॉफ्टवेअर कसं वापरायचं हे सांगणाऱ्या एखाद्या सूचनापत्रातली चूक दुरुस्त करण्यापासून करावी, कोड नंतर. अशी दुरुस्ती तिच्या नावानिशी नोंदली जाते आणि मुलाखत घेणारा ती उघडून बघू शकतो. मला तर हे प्रमाणपत्रांच्या चळतीपेक्षा वजनदार वाटतं. गूगलच्या 'समर ऑफ कोड'मध्ये खगोलशास्त्राचे खुले प्रकल्पही असतात, वयाची 18 वर्षं पूर्ण हवीत, निवड झाल्यास मानधन मिळतं.

बी.एड.ला माझा विरोध नाही. तिला शिकवायची आवड असेल तर जरूर करावं, पण नातेवाईकांच्या घाईपायी नको.

पुढचं पत्र तिलाच लिहू द्या. सोबत तिने काढलेला एका ताऱ्याचा आलेख जोडावा आणि मूळ प्रतिमा कुठून घेतल्या, कोणते शेजारी तारे ताडले, तेही लिहावं. तो आलेख बघून दुर्बिणीच्या 80 हजारांचं बोलू.